गर्डर कोण पेलणार?

११ जुलै २०२५ रोजी सुपरमॅन पुन्हा एकदा पडद्यावर अवतरला. जेम्स गन या अमेरिकन दिग्दर्शकाने नव्याने मांडलेली ही जुनीच कथा जगभर पाहिली गेली आणि तिने साठ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. खर्डीच्या मुलाला असा चित्रपट पाहायचा तर बहुधा कसाऱ्याहून येणारी लोकल पकडून कल्याणची वाट धरावी लागते. तरीही मुले जातात, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. आठवडाभर गोदामात किंवा बांधकामावर राबणाऱ्या तरुणाला दोन घटका आकाशात उडावेसे वाटले, तर तो त्याचा हक्कच आहे. मात्र पडद्यावरचा हा वीर कोसळत्या इमारतींखालून माणसांना ओढून काढतो, एका खारीलाही मरू देत नाही, तेव्हा शहापूर तालुक्यातील प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा राहावयास हवा. आपल्या तालुक्यात गर्डर कोसळला, तेव्हा काय झाले?

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे, पुलाचे गर्डर चढविणारे अजस्र यंत्र गर्डरसह खाली आले. उंची सुमारे शंभर फूट होती. रात्रपाळीचे वीस जण त्याखाली प्राणाला मुकले. त्यांतील बहुतेक पोटासाठी परराज्यांतून आले होते. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले, कंत्राटदारांवर गुन्हा नोंदविला गेला, चौकशीची घोषणा झाली. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला. त्यानंतर पाच आठवड्यांनी सुपरमॅन आला.

दुसऱ्यांचा भार पेलण्याची या तालुक्याला जुनी सवय आहे. तानसा आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. थळ घाटातून रेल्वे गेली, आता त्याच डोंगररांगेतून महामार्ग गेला. या सर्व कामांवर कोणाचे हात लागले, याची नोंद कोनशिलेवर नसते. म्हणूनच संकटकाळी आकाशातून कोणी येईल ही कल्पना येथे कोणत्या अर्थाने घ्यावयाची, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

त्यासाठी या वीराच्या जन्माकडे वळले पाहिजे. जेरी सीगल आणि जो शस्टर ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन मुले. महामंदीच्या काळात, अमेरिकेतील क्लीव्हलंड या औद्योगिक शहरात, त्यांनी सुपरमॅन कल्पिला. १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो वाचकांपुढे आला. तो आजच्या चित्रपटांतल्यासारखा परग्रहावरील राक्षसांशी झुंजत नव्हता. त्याचे शत्रू रोजच्या जगातले होते: लाच घेणारा सिनेटर, पत्नीला मारझोड करणारा नवरा, युद्ध पेटवून नफा कमावणारा शस्त्रांचा व्यापारी. त्याच वर्षीच्या तिसऱ्या अंकातील कथा तर सरलांब्याच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. खाण कोसळते आणि परदेशातून आलेला एक खाणकामगार जायबंदी होतो. मालक म्हणतो, चूक कामगाराचीच. सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात मालकाला व त्याच्या चैनी पाहुण्यांना खाणीत गाठतो आणि परतीची वाट बंद करून टाकतो. रेशमी कपड्यांतली ती मंडळी स्वतः फावडे हाती घेतात, धोक्याचा इशारा देणारी घंटा वाजत नाही हे स्वतः अनुभवतात, आणि मग कोठे मालकाला सुरक्षिततेचे महत्त्व पटते.

ही गोष्ट भाबडी आहे, यात शंका नाही. एका मालकाचे हृदयपरिवर्तन झाले म्हणून खाणउद्योग सुधारत नाही. तथापि तिच्यात एक अस्सल प्रश्न होता. खाण कोसळली ती कोणी कोसळू दिली? पुढे हा वीर घरोघर पोहोचला, त्याच्या नावावर खेळणी आणि कपडे खपू लागले, तसतसा हा प्रश्न मागे पडला. १९७८ च्या गाजलेल्या चित्रपटात तर तो पृथ्वीभोवती उडत काळाचे चाकच उलटे फिरवितो आणि मेलेली प्रेयसी परत मिळवितो. काळ मागे नेता येत असेल तर जबाबदारी ठरविण्याचे कारणच उरत नाही. मराठी वाचकांच्या एका पिढीला इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आठवत असेल. जंगलातील आदिवासींचे रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस करतो आणि आदिवासी त्याच्या दंतकथा सांगत बसतात, ही ती मांडणी. वाचविणारा सदैव दुसरा, वाचणारे सदैव तेच, असा हा संस्कार कळत-नकळत मुलांच्या मनावर होत गेला.

सुपरमॅनच्या निर्मात्यांचे पुढे काय झाले, हाही या कथेचाच भाग आहे. सीगल आणि शस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकले होते. प्रकाशनसंस्थेने कोट्यवधी मिळविले. हे दोघे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. १९७५ साली त्यांनी आपली कैफियत जनतेपुढे मांडली, व्यंगचित्रकारांनी त्यांच्यासाठी आवाज उठविला, आणि मोठा चित्रपट तोंडावर आला असताना बदनामी नको म्हणून कंपनीने दोघांना प्रत्येकी सालिना वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन व श्रेयनामावलीत स्थान दिले. त्याच पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरांना विकली गेली. जगातील सर्वांत बलवान वीर आपल्या जन्मदात्यांना वाचवू शकला नाही. त्यांच्या मदतीला त्यांचे समव्यवसायी धावून आले.

नव्या चित्रपटाला मात्र न्याय दिला पाहिजे. जुना धागा त्याने बऱ्याच अंशी पुन्हा उचलला आहे. त्यातील खलनायक लेक्स लूथर हा तंत्रज्ञानावर गबर झालेला उद्योगपती आहे. बोराव्हिया या काल्पनिक राष्ट्राला तो शस्त्रे पुरवितो आणि मोबदल्यात शेजारच्या दुबळ्या जऱ्हानपूरची निम्मी भूमी पदरात पाडून घेण्याचा सौदा करतो. सुपरमॅनविरुद्ध समाजमाध्यमांवर गरळ ओकण्यासाठी त्याने माकडांची फौज कळफलकांवर बसविली आहे. या दृश्यावर प्रेक्षक हसतात आणि हसता हसता ओळखतातही. अनेकांना हे सारे पाहून गाझा आठवला. ही एका स्थलांतरिताची कथा आहे, असे दिग्दर्शकाने सांगताच अमेरिकेतील उजव्या मंडळींचा तिळपापड झाला, तो उगाच नव्हे. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, लूथरचा अखेरचा पाडाव ठोशाने होत नाही. त्याच्या जमिनीच्या सौद्याचे पुरावे वार्ताहरांच्या हाती लागतात, वर्तमानपत्र ते छापते, आणि मगच तो तुरुंगात जातो.

असे असूनही एका ठिकाणी चित्रपट कच खातो. बोराव्हियाचे रणगाडे सीमेवर येतात तेव्हा जऱ्हानपूरचे शेतकरी काठ्या आणि शेतीची अवजारे घेऊन त्यांच्यासमोर उभे राहतात. हे या चित्रपटातील सर्वांत सामर्थ्यशाली दृश्य ठरू शकले असते. परंतु एक मुलगा सुपरमॅनचे चिन्ह असलेला झेंडा उभारतो, सारे त्याच्या नावाचा धावा करतात, आणि आकाशातून त्याचे साथीदार उतरून लढाई जिंकतात. शेतकरी पुन्हा प्रेक्षक होतात. त्यांच्यात कोणी पुढारी होता काय, ते कसे जमले, उद्या त्यांच्या जमिनीचे काय होणार, यांपैकी काहीही आपल्याला कळत नाही.

सरलांब्याकडे या नजरेने पाहिले म्हणजे अडचण ध्यानी येते. तेथे लूथर नव्हता. कोणी दुष्ट माणूस गर्डर पाडण्यासाठी कट करीत बसला नव्हता. मोठ्या बांधकामांवर असते ती एक साखळी: काम देणारी सरकारी यंत्रणा, तिचा कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, यंत्र पुरविणारा, मजूर पुरविणारा मुकादम, आणि शेवटी मजूर. काम मुदतीत पुरे करण्याची घाई वरून खाली येते. सुरक्षिततेचा खर्च मात्र साखळीतील प्रत्येक जण खालच्यावर ढकलतो, कारण तो ज्याच्या पदरी पडेल त्याचा नफा घटतो. अपघाताची किंमत तर सर्वांत खालच्या माणसाच्या घरी जाते. ज्या व्यवस्थेत काळजी घेण्याचा खर्च एकाने करावयाचा आणि हयगयीचे फळ दुसऱ्याने भोगावयाचे, तेथे हयगय होणारच. त्यासाठी कोणी राक्षस असावा लागत नाही. अशा व्यवस्थेला ठोसा मारता येत नाही. तिला नियमांनी बांधावे लागते, आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे डोळे कामाच्या जागीच असावे लागतात.

ते डोळे मिटण्याची सोय मात्र झपाट्याने होत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या. बांधकाम मजुरांचा १९९६ चा, कंत्राटी कामगारांचा १९७० चा आणि आंतरराज्य स्थलांतरितांचा १९७९ चा, असे तीनही स्वतंत्र कायदे सुरक्षिततेविषयीच्या संहितेत विरघळून गेले. मूळ केंद्रीय कायदा वीस कंत्राटी कामगारांपासून लागू होई. संहितेने ती मर्यादा पन्नासवर नेली. एकोणपन्नास मजुरांच्या तुकड्या पाडणे कोणत्या मुकादमाला कठीण आहे? निरीक्षक आता निव्वळ निरीक्षक राहिला नाही. त्याने मालकाचा 'सुलभकर्ता'ही व्हावयाचे आहे. इकडे आपल्या सेन्सॉर मंडळाने याच 'सुपरमॅन' चित्रपटातील चुंबनाचे ३३ सेकंद मोजून कापले. चुंबनाचे सेकंद मोजण्याइतकी दक्षता या राज्ययंत्रणेपाशी आहे. रात्रपाळीचे तास आणि यंत्राच्या तपासणीच्या तारखा मोजावयाच्या म्हटल्या की तिला मनुष्यबळ अपुरे पडते.

याच रेल्वेमार्गावर, खर्डीहून कल्याणकडे जाताना, टिटवाळा लागते. जानेवारी १९४५ मध्ये तेथे किसान सभेचे अधिवेशन भरले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या प्रयत्नाने काही वारली त्या अधिवेशनाला आले, त्यांनी इतर शेतकऱ्यांचे बोलणे ऐकले आणि ते डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर परतले. पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ आणि लग्नगडीची गुलामी त्यानंतरच्या काळात मोडीत निघाली. ती मोडली ती पाड्यापाड्यांवरच्या माणसांनी एकत्र येऊन 'आता वेठीला जाणार नाही' असे म्हटल्यामुळे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावर २०२० साली मराठी चित्रपटही निघाला. परंतु त्याआधी कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी शाळा चालविल्या, सावकारापुढे हात पसरावा लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभारल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. वीराला डोंगरात आसरा मिळतो तो अशा कामामुळे. या मुलखाला वीरांची वाण कधीच नव्हती. येथील वीर जमिनीवरून चालत होते एवढेच.

म्हणून कार्यकर्त्यांनी या चित्रपटाची टवाळी करण्यात वेळ दवडू नये. तो पाहून आलेल्या मुलांशी बोलावे. १९३८ ची खाणीची गोष्ट त्यांना सांगावी आणि मग सरलांब्याचे नाव काढावे. ज्या मुलाला खारीचा जीव वाचल्याचा आनंद होतो, त्याला वीस माणसांबद्दल काहीच वाटणार नाही असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

आणि बोलण्यापाशी थांबू नये. शहापूर-मुरबाडच्या हद्दीत जेथे जेथे बांधकाम चालू आहे, तेथे मजूर किती, कोठले, कोणाच्या हाताखाली, याची यादी कार्यकर्त्यांपाशी असली पाहिजे. त्यांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करवून घेतली पाहिजे. प्रत्येक मोठ्या अपघाताचा चौकशी अहवाल मराठीत आणि मजुरांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा व संबंधित गावाच्या ग्रामसभेत वाचला जावा, ही मागणी लावून धरली पाहिजे. धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार मजुराला कायद्याने मिळावा आणि तो वापरल्याबद्दल त्याची रोजी बुडू नये, ही त्याहूनही मोठी मागणी आहे. बिहारचा, बंगालचा वा तामिळनाडूचा मजूर 'आपला नाही' असे म्हणणाऱ्यांना हेही विचारावे की, वीटभट्टीसाठी दरवर्षी घरदार सोडणारा इथला कातकरी परक्या गावात कोणाचा असतो?

शंभर फुटांवरून निसटलेला गर्डर कोणीही पेलू शकत नाही. तो निसटण्याच्या आदल्या पाळीला एखादा मजूर 'हे यंत्र नीट नाही, काम थांबवा' असे म्हणू शकतो, मात्र त्याच्या पाठीशी उरलेले एकोणीस जण उभे असले पाहिजेत. ते एकोणीस जण उभे करणे हेच कार्यकर्त्यांपुढील काम आहे.