पात्रतेची पहिली फेरी तालुक्यात

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी समितीचे सभासद,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली



२०२७ साली सौदी अरेबियात भरणाऱ्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत आपल्या पुरुष संघाची जी गत झाली, तिची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली आहे आणि तीत भर घालावी असा या पत्राचा हेतू नाही; परंतु ज्या सामन्यांनी तो निकाल ठरला, त्यांच्याकडे महाड-पोलादपूरसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या मुलखातून पाहिले असता जे दिसते, ते दिल्लीच्या कचेरीतून कदाचित दिसत नसेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

२५ मार्च २०२५ रोजी शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली. जूनमध्ये हाँगकाँगने आपल्या घरच्या मैदानावर १-० असे हरवले. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात रहीम अलीने अगदी अखेरच्या क्षणांत केलेल्या गोलामुळे एक गुण पदरात पडला, आणि पाचच दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगतेच्या गोलाने आघाडी घेतल्यानंतरही सिंगापूरशी परतीचा सामना आपण १-२ असा गमावला. स्पर्धेचे दार तेथेच मिटले. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाकडून बावीस वर्षांनंतर पत्करावी लागलेली हार ही त्यानंतरची. पहिले पाच सामने, दोन गुण, दोन गोल. चार संघांच्या गटातून एकानेच पुढे जावयाचे हा नियम कठोर खरा. पण ज्यांनी आपल्याला मागे टाकले त्यांपैकी हाँगकाँगची वस्ती पाऊण कोटीची आणि सिंगापूरची साठ लाखांच्या आसपासची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नियमाला दोष देण्यात अर्थ उरत नाही. त्याच नोव्हेंबरात जागतिक क्रमवारीत आपण १४२ व्या स्थानी होतो. १९९६ साली हेच स्थान ९४ वे होते.

या निकालांचे खापर प्रशिक्षकांवर फोडले जाते. स्टिमाच गेले, मार्केझ गेले, खालिद जमील आले. परंतु बरोबरीत सुटणारा सामना जिंकून घेणे, परक्या मैदानावरचा एक गुण राखणे, मध्यंतरापूर्वीची पाच मिनिटे आघाडी सांभाळणे, ही जी साखळी सामन्यांची विद्या आहे, ती चोविसाव्या वर्षी राष्ट्रीय शिबिरात कोणीही प्रशिक्षक शिकवू शकणार नाही, कारण ती दहाव्या-बाराव्या वर्षापासून, आठवड्यामागून आठवडा, हंगामामागून हंगाम सामने खेळूनच अंगी बाणते. आपण आपल्या मुलांना साखळी खेळू देतच नाही. माझे सारे म्हणणे एवढेच आहे. पुढचा मजकूर त्याचा खुलासा.

आमच्याकडील क्रीडाजीवनाचे स्वरूप आपणांस ठाऊक नसण्याचा संभव आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली आणि खाचरे मोकळी पडली की गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. ग्रामस्थ मंडळ मैदान करते, मुंबईकर मंडळ बक्षिसाची रक्कम पाठवते, आणि रविवारी सकाळी लागलेला ध्वनिक्षेपक रात्रीपर्यंत बंद होत नाही. या स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीच्या असतात. हरला तो घरी गेला. गावाच्या उत्सवापुरते हे ठीकच आहे, कारण तेथे हेतू गावाला एकत्र आणण्याचा असतो; पण शालेय फुटबॉलचीही तीच रीत असावी, हे मात्र घातक आहे. शालेय सामने होतात ते ऐन पावसाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत सावित्री आणि गांधारी या नद्या दुथडी भरून वाहतात, बाजारपेठेत पाणी शिरेल या धास्तीने महाडचे लोक रात्री जागून काढतात आणि घाटरस्ते दरडींनी अडतात, अशा दिवसांत. २०२१ च्या जुलैमधील महापूर आणि तळिये गावावर कोसळलेली दरड ज्यांनी पाहिली, त्यांना या ऋतूविषयी अधिक सांगायला नको. जिल्ह्याचे ठाणे अलिबागला, येथून शंभरावर किलोमीटर दूर. म्हणजे पोलादपूरच्या पलीकडील वाडीतल्या मुलाने जिल्हापातळी गाठली, तर पहाटे निघून पन्नास मिनिटांचा एक सामना खेळावा, हरावे आणि काळोखात घरी परतावे. त्याचा त्या वर्षाचा फुटबॉल तेवढ्यातच संपतो.

पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेचे मैदान मी जवळून पाहिले आहे. तांबडी माती, तीत जांभ्याचे बारीक खडे. सरावापूर्वी मुली रांगेने वाकून ते वेचतात आणि घमेल्यात भरून कुंपणाशी टाकतात, तरी दर पावसानंतर नवे खडे वर येतातच. गोलाचे खांब बांबूचे, आडव्या दांडीच्या जागी सुतळी. रेघा मारायला फक्की मिळाली नाही तर चुलीतली राख. चेंडूची शिवण एका बाजूस उसवून आतल्या रबराचा फुगा बोटभर बाहेर आला होता, आणि गणित शिकवणारे गुरुजी, जे येथे शारीरिक शिक्षणही पाहतात, तो अंगठ्याने आत दाबून दाभणाने टाके घालत बसले होते. त्यांनी माझ्याकडे नव्या चेंडूची मागणी केली नाही. या मुलींना वर्षात दहा सामने कोठे खेळायला मिळतील, एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर तालुक्यात कोणाकडे नाही, म्हणून तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

या देशाच्या फुटबॉलची सर्वोत्तम वर्षे ज्यांच्या हाताखाली गेली, ते सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षकच होते. १९५१ आणि १९६२ ची आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथा क्रमांक ही त्यांची कमाई. हैदराबादेत मुलांसाठी ते चेंडू पायाशी न खेळवता लगेच पुढे देण्याच्या अटीवर सामने भरवीत, कमकुवत पायानेच खेळावयाचे सामने भरवीत. शिक्षण सामन्यातून द्यावयाचे, ही त्यांची दृष्टी होती. त्याच मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा जन्माने गोव्याचे आणि खेळाने मुंबईचे. त्या मुंबईत गिरण्यांचे, रेल्वेचे, टाटांचे संघ होते; पुढे मफतलाल आणि ऑर्के मिल यांचे संघ नावाजले. आमच्या दोन्ही तालुक्यांतील घराघरांतून माणसे त्या गिरण्यांत गेली, आणि ज्याच्या पायांत खेळ होता त्याला खेळाबरोबर नोकरीही मिळण्याची वाट निदान दृष्टीस पडत होती. गिरण्या गेल्या, ते संघही गेले. त्या मोडलेल्या शिडीच्या जागी दुसरी उभी राहिली नाही, आणि २०२५ च्या हंगामात देशातील सर्वोच्च साखळीदेखील वेळेवर सुरू होऊ शकली नाही, हे पाहिल्यावर खालच्या पायऱ्यांची काळजी कोण वाहणार, असा प्रश्न पडतो.

वेस्ट इंडीजमधील कुरासाओ हे बेट २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले, आणि त्याची लोकसंख्या महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या एकत्रित लोकसंख्येहून कमी आहे, ही गोष्ट येथील तरुणांत उत्साहाने सांगितली जाते. ती खरी आहे. परंतु त्या संघातील बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तेथेच घडले, तेव्हा आपल्या उपयोगाचे उदाहरण ते नव्हे. आपले उदाहरण आइसलँडचे. २०१६ च्या सुमारास साडेतीन लाखांच्या आतली वस्ती, वर्षातील मोठा काळ बर्फ व अंधार. तरी त्यांनी गावोगावी छपराची मैदाने बांधली, लहान मुलांनाही रीतसर परवाना मिळवलेले शिक्षक दिले, आणि २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवून २०१८ चा विश्वचषक गाठला. त्यांचे हवामान आमच्या पावसाळ्याहून सौम्य नाही.

आणि आपल्या मुलींनी काय केले ते पाहा. आधी पुरुषांचे: १९५० च्या विश्वचषकाची पात्रता भारताला प्रतिस्पर्धी संघांनी माघार घेतल्यामुळे एकही सामना न खेळता मिळाली होती, आणि तीही आपण सोडून दिली. पुरुष संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत प्रत्यक्ष उतरला तो १९८५ साली. २०२२ साली महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रातच भरला असता, नवी मुंबईत, आमच्या जिल्ह्याच्या वेशीबाहेर, संघात करोनाची लागण झाल्यामुळे यजमान असूनही आपल्या महिला संघाला स्पर्धा सोडावी लागली. अशा आघातानंतर ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माईत, दोन विश्वचषक खेळलेल्या थायलंडला त्याच्याच भूमीवर, संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या बळावर २-१ असे नमवून त्यांनी ऑस्ट्रेलियातील आशिया चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून मिळवलेला हा त्यांचा पहिलाच प्रवेश. या एका विजयाचे मोल मला गेल्या अनेक वर्षांतील साऱ्या घोषणांहून अधिक वाटते, आणि खडे वेचणाऱ्या त्या मुलींनाही तो सामना तोंडपाठ आहे.

२०४७ पर्यंत आशियातील पहिल्या चार संघांत स्थान मिळवण्याचा संकल्प आपण जाहीर केला आहे. त्या साली जे खेळाडू पंचविशीत असतील, ते आज अगदी लहान मुले आहेत. तेव्हा संकल्प दूरचा दिसला तरी अंमलबजावणीची मुदत आताच सुरू झालेली आहे. सबब माझी विनंती अशी की, पश्चिम भारत फुटबॉल संघटनेच्या सहकार्याने एका ग्रामीण तालुक्यात, महाड व पोलादपूर मिळून केल्यास अधिक बरे, चौदा वर्षांखालील मुलांची एक व मुलींची एक साखळी सुरू करण्याची तजवीज व्हावी. हंगाम पावसाळ्यात नको. कापणीनंतर, मार्गशीर्षापासून माघापर्यंत असावा. बाद पद्धत त्यात मुळीच नसावी, आणि शेवटच्या क्रमांकावरील संघालाही किमान बारा सामने मिळावेत. प्रत्येक खेळाडूची नोंद आपल्या केंद्रीय नोंदणीत व्हावी. प्रशिक्षकांच्या प्राथमिक परवान्याचा वर्ग महाडलाच, मराठीतून घ्यावा, म्हणजे गणित शिकवणाऱ्या त्या गुरुजींना रजा टाकून मुंबईस जावे लागणार नाही. पंचांचे मानधन व मुलांचा एस.टी. प्रवास यांची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली करावी, कारण ज्या खर्चाला शीर्ष नसते तो प्रथम कापला जातो. मैदाने गावे देतील. ग्रामस्थ मंडळांशी बोलणी करण्याचे काम आम्ही पत्करतो. तीन हंगामांनंतर जमाखर्च आणि सामन्यांचे तक्ते प्रसिद्ध व्हावेत, आणि प्रयोग फसला असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

उत्तराची वाट पाहतो. ते पुढील कापणीपूर्वी आले, तर पहिला हंगाम याच वर्षी धरता येईल.

आपला,
महाडचा एक फुटबॉलप्रेमी