कुलूप शाबूत, दार बंद

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आपल्याकडे पर्जन्यमानासारखे दैवाधीन मानले जाते. ते नेहमीच दैवाधीन असते असे नाही. १५ मार्च २०२२ रोजी ओपन एसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील जो दोष जाहीर झाला, तो या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ओपन एसएसएल म्हणजे जगातील असंख्य सर्व्हर सामाईकपणे वापरीत असलेला तयार आज्ञावल्यांचा संग्रह होय.

दोन यंत्रे बोलू लागली म्हणजे ओळख पटविण्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र दाखविले जाते. काही प्रमाणपत्रे वाचताना एका विशिष्ट प्रकारचे वर्गमूळ काढावे लागते आणि भाजक मूळ संख्या असेल तरच ती रीत शेवटास जाते. कोणी हेतुपूर्वक संयुक्त संख्या घातली, तर यंत्र गणित करीतच राहते. उत्तर येत नाही आणि थांबावे हेही त्यास सुचत नाही. मर्माची गोष्ट पुढेच आहे. प्रमाणपत्राची सही खरी की खोटी हे पाहण्यापूर्वी ते वाचले जाते. त्यामुळे उपद्रव्याला खरे प्रमाणपत्र पैदा करण्याचेही कारण नव्हते. बाहेरून आलेले प्रमाणपत्र वाचणारे कोणतेही यंत्र यात अडकू शकत होते. पैसा हलला नसता, गुपित फुटले नसते. काम मात्र ठप्प झाले असते.

कॉसमॉस बँकेतून २०१८ साली ९४ कोटी रुपये गेले तेव्हा महाराष्ट्रभर गहजब झाला आणि तो रास्तच होता. काम अडले तर मात्र कोणी हिशेब मागत नाही. नांदेड-लातूरच्या सोयाबीन उत्पादकाला विचारा. खरीप पीकविम्याची मुदत २०२३ साली ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली, तेव्हा सेवा केंद्रांपुढील एकेका दिवसाची किंमत त्याला कळली होती. लातुरात शिकवणीसाठी राहिलेल्या मुलाचे सारे वर्ष परीक्षेच्या अर्जाच्या अखेरच्या तारखेवर टांगलेले असते. तेथे हाच दोष बाधला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मुदतीच्या दिवशी बंद पडलेले दार आणि लुटलेली तिजोरी यांत सामान्य माणसाच्या लेखी फारसा फरक उरत नाही, इतकेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

गूगलमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी हा दोष दाखवून दिला आणि तो जाहीर झाला त्याच दिवशी १.१.१एन व ३.०.२ या दुरुस्त आवृत्त्या विनामूल्य मिळू लागल्या. करणाऱ्यांनी आपले कर्तव्य केले. प्रश्न आहे तो आपल्या कचेऱ्यांचा. यंत्र खरेदीची निविदा निघते, उद्घाटनाची छायाचित्रे छापून येतात. पुढे दुरुस्ती चढविण्याचे काम कोणाचे, हे ठेकेदाराला विचारावे तर तो कचेरीकडे बोट दाखवितो आणि कचेरी ठेकेदाराकडे. १.१.१ या मालिकेच्या विनामूल्य दुरुस्त्या ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबल्या. ३.० ची मुदत ७ सप्टेंबर २०२६ ही ठरलेली आहे.

तेव्हा नांदेड-वाघाळा व लातूर या महापालिकांनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील सहकारी बँकांनी आपापल्या यंत्रांवर कोणती आवृत्ती चालते याची नोंद तातडीने करावी. ती नोंद चव्हाट्यावर मांडू नये, कारण उपद्रव्यांच्या हाती आयती यादी देण्यात शहाणपण नाही. दुरुस्तीची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर आहे त्याचा हुद्दा मात्र दर्शनी फलकावर लावावा, आणि पुढच्या प्रत्येक निविदेत दुरुस्ती किती दिवसांत चढली पाहिजे हे कलम घालावे.