दुखणं इथलं, डॉक्टर तिथला

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दातांचा विषय काढून बघा. कोणाच्या दाढेत सणक जात असते, कोणाची कॅप निघालेली असते, आणि उपाय सगळ्यांचा एकच: "डिसेंबरात जातोय ना इंडियाला, तेव्हा करून घेऊ." ठाण्यात, कोथरूडला, नाशिकच्या कॉलेज रोडवर प्रत्येकाचा एक ठरलेला डेंटिस्ट असतो. तो बहुधा वर्गमित्र, नाहीतर मावसबहिणीचा दीर. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो रविवारीसुद्धा खुर्ची मोकळी ठेवतो. इथला डेंटिस्ट कोण, असं विचारलं तर मात्र दहा-बारा वर्षं इंग्लंडात काढलेली माणसंही एकमेकांकडे बघतात.

हे शहाणपणाचं आहे असं आपण धरून चालतो. मला ते महागात पडणारं वाटतं. आणि त्यामागचं कारण पैशांपेक्षा कंटाळा हे जास्त आहे, असंही वाटतं. ज्या सेवेवर आपला हक्क आहे ती चार फोन करून मिळवण्याचा कंटाळा.

आधी हिशेबातलं जे खरं आहे ते मान्य करू. इथे खाजगीत एक इम्प्लांट बसवायचं तर दोन-अडीच हजार पौंड सहज जातात. तेवढ्यात पुण्यात इम्प्लांट होऊन विमानाचं तिकीटही निघतं. तिथल्या डॉक्टरांच्या हाताबद्दल शंका घेण्याचंही कारण नाही. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून डेंटिस्ट घडवतं आहे आणि आपल्याकडच्या चांगल्या दवाखान्यांतली यंत्रसामग्री इथल्या अनेक सर्जऱ्यांपेक्षा नवी असते. प्रश्न तिथल्या कामाचा नाही, मधल्या महिन्यांचा आहे. दात आपली रजा बघून किडत नाही.

कीड सुरू होते ती दाताच्या वरच्या कठीण थरात, आणि तिथे असेपर्यंत काही दुखत नाही. या टप्प्यावर फ्लोराइड आणि बरी सवय एवढ्यानेही ती थांबू शकते. आतल्या मऊ थरात पोचली की गार-गोड लागायला लागतं. तेव्हा फिलिंगने भागतं. नसेपर्यंत गेली की रूट कॅनॉल, आणि त्याच्याही पुढे गेली तर दात काढण्यावाचून इलाज राहत नाही. ओळखीतल्या एका घरात हे सगळे टप्पे एका वर्षात पार पडले. मार्चमध्ये दाढेला चहा लागायला लागला. गृहस्थांनी चहा डाव्या बाजूने प्यायला सुरुवात केली. जूनपर्यंत घास त्या बाजूने चावणं बंद झालं, कपाटात लवंगेचं तेल आलं, रात्रीची आयबुप्रोफेन ठरून गेली. भारतातल्या डॉक्टरांची वेळ डिसेंबरातल्या दुसऱ्या आठवड्याची पक्की होती. ऑक्टोबरात एका शनिवारी रात्री गाल सुजून डोळा अर्धा मिटला. १११ ला फोन झाला, तातडीची वेळ मिळाली आणि दाढ काढावी लागली. मार्चमध्ये जे एका फिलिंगचं काम होतं त्याचं आता इम्प्लांटचं काम झालं. पुण्याच्या दराने का होईना, हे स्वस्त कसं म्हणायचं? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते उगाच नाही.

इम्प्लांटचं कामही सुट्टीत बसत नाही. हाडात बसवलेला स्क्रू हाडाशी जुळून यायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि बहुतेकदा त्यानंतर वरचा दात बसतो. तीन आठवड्यांच्या रजेत, त्यातही एक लग्न, कुलदैवताचं दर्शन आणि सासुरवाडीचे चार दिवस धरून, हे काम होतं तेव्हा कोणीतरी कुठेतरी घाई केलेली असते. पुढे इकडे आल्यावर काही सैल झालं की खरी पंचाईत. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि त्यांचे सुटे भाग एकमेकांना चालतीलच असं नाही. कोणत्या कंपनीचं, कोणत्या मापाचं, हे कागदावर नसेल तर इथला डेंटिस्ट हात लावायला नाखूश असतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आता इथल्या दारात काय आहे ते बघू. वर्क व्हिसावर आलेल्या प्रौढ माणसाला फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, मुलांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६. (हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ आहे.) नवरा-बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला ३६२२ पौंड, पाच वर्षांच्या व्हिसाला १८११० पौंड, तेही आगाऊ. एवढी रक्कम भरून एनएचएसच्या डेंटिस्टचं तोंडही न बघणारी कुटुंबं आपल्यात आहेत. अधिभार भरला म्हणून दातांचं काम फुकट होत नाही हे खरं. पण इथे जन्मलेल्या माणसाला जेवढे पडतात तेवढेच पैसे आपल्यालाही पडतात.

ते किती पडतात? इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले दर असे होते: तपासणी, एक्स-रे आणि गरज असेल तर दातांची सफाई मिळून २७.४० पौंड. त्याच्या वरच्या पट्ट्यात फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणं, याला ७५.३०. कॅप, ब्रिज किंवा कवळी लागली तर ३२६.७०. तातडीच्या उपचारांना पहिल्याच पट्ट्याचे पैसे. यातली खुबी अशी की पैसे एका कामाचे नसतात, एका उपचारक्रमाचे असतात. तीन फिलिंग आणि एक रूट कॅनॉल एकाच क्रमात झालं तरी ७५.३०, आणि त्यात आधीची तपासणीही आली. रुपयांत हे साडेआठ-नऊ हजार होतात. पुण्यातल्या बऱ्या दवाखान्यात एका रूट कॅनॉलचे किती घेतात ते आपल्या वर्गमित्राला विचारा. शिवाय फिलिंग, रूट कॅनॉल किंवा कॅप बारा महिन्यांच्या आत बिघडली तर त्याच डेंटिस्टने ती पुन्हा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची असते. ही हमी वापरायला कोथरूडला जावं लागत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांना काहीच पडत नाही. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर बारा महिने तिला सगळं मोफत आहे. त्यासाठी मिडवाइफकडून मॅटर्निटी एक्झम्प्शनचं प्रमाणपत्र काढून घ्यायचं. स्कॉटलंडमध्ये तर एनएचएसची तपासणी सगळ्यांनाच मोफत आणि सव्वीस वर्षांखालच्यांना उपचारही. इथे एक भीती काढून टाकायला हवी. व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' असा शेरा असतो म्हणून काही जण मुलांनाही एनएचएसकडे नेत नाहीत. एनएचएसचे उपचार त्या यादीत येतच नाहीत. दात दाखवले म्हणून कोणाचा व्हिसा अडत नाही.

"पण एनएचएस डेंटिस्ट मिळतोच कुठे?" या आक्षेपात मात्र दम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक दवाखाना नव्या एनएचएस रुग्णांसाठी उघडला तर रस्त्यावर शेकडोंची रांग लागली आणि पोलीस आले. एनएचएसने दातांना पहिल्यापासून सावत्र मुलासारखं वागवलं आहे. १९४८ मध्ये सेवा सुरू झाली आणि १९५१ मध्ये कवळ्यांवर आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरलं. त्याच मुद्द्यावर सेवेचे जनक अनायरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. आजच्या टंचाईचं मूळ २००६ च्या कंत्राटात आहे. दवाखाने खाजगी, सरकार त्यांना 'युनिट' मोजून पैसे देतं. तपासणीला एक युनिट, दुसऱ्या पट्ट्याला तीन. ही तीन युनिटं एका फिलिंगला मिळत आणि सहा फिलिंग, दोन रूट कॅनॉल केली तरी तेवढीच. मग वर्षानुवर्षं दात न दाखवलेला नवा रुग्ण दारात आला की दवाखान्याला तो घाट्याचा सौदा. २०२२ मध्ये यात थोडी सुधारणा झाली: तीन किंवा जास्त दातांच्या कामाला पाच युनिटं, दाढेच्या रूट कॅनॉलला सात. डेंटिस्ट मंडळींचं तेवढ्याने समाधान झालेलं नाही, आणि मला त्यांची तक्रार रास्त वाटते.

तरीही मिळतच नाही, हे खरं नाही. डेंटिस्टसाठी जीपीसारखी हद्द नसते. दोन गावं पलीकडचा दवाखानाही चालतो. एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की यादी येते, पण ती नेहमी ताजी नसते म्हणून फोन करायचाच. फोनवरचा संवाद साधारण असा होतो. तुम्ही विचारता, "एनएचएसवर नवे रुग्ण घेता का?" रिसेप्शनवरून उत्तर येतं, "सॉरी, प्रौढांना नाही." आपली माणसं इथेच थँक्यू म्हणून फोन ठेवतात. ठेवू नये. पुढे विचारायचं: मुलांना घेता का? प्रतीक्षायादी आहे का? कोणी वेळ रद्द केली तर कळवाल का? तुमच्याच दुसऱ्या शाखेत घेतात का? एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होताना पुन्हा फोन करायचा, कारण दवाखान्याच्या कंत्राटाचं वर्षही तेव्हाच सुरू होतं. आणि एकदा जागा मिळाली की तपासणीची वेळ चुकवायची नाही. वेळ बुडवणाऱ्याला दवाखाना पुढे नाकारू शकतो.

खुर्चीत बसल्यावरही जरा जागं राहावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्याचं काम असेल, किंवा एनएचएसबरोबर काही खाजगी सुचवलं असेल, तर उपचारांचा आणि खर्चाचा लेखी आराखडा मिळायला हवा. तो मागावा. "हे एनएचएसवर होईल का?" हा प्रश्न विचारण्यात लाज कसली? मंडईत मेथीची जुडी घेताना आपण याहून जास्त प्रश्न विचारतो. गावाजवळ दंत महाविद्यालय असेल तर तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. लंडनमध्ये किंग्ज, बर्मिंगहॅममध्ये तिथलं डेंटल हॉस्पिटल. वेळ खूप जातो, पण पैसे बहुधा पडत नाहीत.

सगळ्यात स्वस्त उपचार घरातल्या बेसिनपाशी आहे आणि तिथे आपण वर्षानुवर्षं एक गोष्ट उलटी करतो. ब्रश झाला की खळखळून चुळा भरायच्या, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं. इथले डेंटिस्ट सांगतात: फेस थुंका, पाण्याने चूळ भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं, ते आपण पाण्याबरोबर घालवतो. आजोबा-आजी आले की नातवंडांना पुन्हा चुळा भरायला लावतात, तेव्हा हे घरात सगळ्यांनाच सांगायला लागेल. बर्मिंगहॅमच्या नळाच्या पाण्यात १९६४ पासून फ्लोराइड आहे; लंडनच्या पाण्यात मिसळलं जात नाही. तीन वर्षांवरच्या मुलांच्या दातांना वर्षातून दोनदा फ्लोराइडचं वार्निश लावून मिळतं, फुकट. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात हे आहे, आणि ती मुलं भूल देऊन दात काढायला नेलेली असतात. ज्यूसच्या छोट्या खोक्यांचं आणि दिवसातून पाचदा तोंडात जाणाऱ्या बिस्किटांचं आपल्या घरांतलं प्रमाण बघता आपण त्यातून सुटलो असं समजू नये.

भारतातला डॉक्टर अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. जे निवृत्त आहेत, तिथे तीन-चार महिने सलग राहतात, ज्यांना पूर्ण जबड्याचं काम करायचं आहे, त्यांनी ते तिथेच करावं. एनएचएसवर इम्प्लांट सहसा मिळत नाहीत. फक्त येताना एक्स-रे, इम्प्लांटची कंपनी आणि माप यांचा कागद बरोबर आणावा. आणि आईबाबांना इकडे बोलावण्याआधी त्यांचे दात तिथे दाखवून, हलणारी कवळी बसवून घेऊनच निघावं. प्रवासविम्यात दातांसाठी बहुधा वेदना थांबवण्यापुरतीच तरतूद असते.

जाता जाता एक. आपल्या मंडळात पुण्या-नागपुराहून बीडीएस होऊन आलेल्या मुली आहेत, ज्या इथे डेंटल नर्स म्हणून काम करतात. परदेशी पदवीधरांसाठीच्या ओआरई परीक्षेला जागा इतक्या थोड्या की नुसता क्रमांक लागायला काळ जातो. एकीकडे डेंटिस्ट नाहीत म्हणून ओरड आणि दुसरीकडे शिकलेला हात ट्रे धरून उभा, हा कारभार कोणाला दिसत कसा नाही? डेंटिस्ट म्हणून नोंदणी नसताना रुग्णाचे दात तपासणं बेकायदा आहे, त्यामुळे 'आपल्याच मुलींकडून तपासणी शिबिर घेऊ' ही सूचना कार्यकारिणीने फेटाळली ते योग्यच केलं. पण फोनवर काय विचारायचं, आराखड्यात काय बघायचं, मुलांचा ब्रश कसा धरायचा, हे त्यांच्याइतकं नीट सांगणारं दुसरं कोणी नाही. एका रविवारच्या दुपारी त्यांना बोलतं करावं.

तोवर एक काम लगेच करण्यासारखं आहे. गेल्या वर्षभरात ज्यांना एनएचएस डेंटिस्ट मिळाला त्यांनी दवाखान्याचं नाव, पोस्टकोड आणि तिथे मुलं घेतात की मोठेही, एवढं कार्यकारिणीला कळवावं. यादी दर तिमाहीला सगळ्या सभासदांना पाठवता येईल.