घर हादरलं, भूकंप की सुरुंग? उत्तर देणार कोण?

२१ जानेवारी २०२१ च्या रात्री दहानंतर शिवमोग्गा आणि चिक्कमगळूर भागात लोक घराबाहेर पळाले. सगळ्यांना वाटलं भूकंप झाला. प्रत्यक्षात शिवमोग्गाजवळच्या हुणसोडू इथे खडीक्रशरच्या जागेत स्फोटकं उडाली होती आणि त्यात माणसं दगावली होती. याउलट जुलै २०२२ मध्ये विजयपूर जिल्ह्यात रिश्टर स्केलवर ४.४ चा धक्का बसला, तो खराखुरा भूकंप होता. तो सोलापूर, सांगलीकडेही जाणवला. जमिनीला राज्याची हद्द कळत नाही.

सीमाभागात दगडखाणी आहेत, धरणं आहेत आणि अधूनमधून भूकंपही होतात. त्यामुळे भिंतीला तडा गेला की 'किती रिश्टर?' यापेक्षा 'कशामुळे?' हा प्रश्न मोठा ठरतो. भूकंप असेल तर मदत सरकारच्या आपत्ती निधीतून मागायची. सुरुंग असेल तर जबाब क्रशरमालकाने द्यायचा. कारणच ठरलं नाही, तर पंचनाम्याचा कागद नुसता फिरत राहतो.

कारण ओळखणं अशक्य नाही. सुरुंग उडाला की जमीन चहूबाजूंनी बाहेर ढकलली जाते, म्हणून भोवतालच्या केंद्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेने नोंदली जाते. भूकंपात खडक एकमेकांवरून सरकतात. काही केंद्रांवर पहिली हालचाल वर, तर काहींवर खाली दिसते. मागून येणाऱ्या आडव्या लहरी भूकंपात जोरदार असतात, स्फोटात सहसा कमजोर. सुरुंग पृष्ठभागाजवळ उडतो, भूकंप बहुधा काही किलोमीटर खोल होतो. पण ही खोली नेमकी काढायची तर यंत्र जवळ हवं. लहान धक्क्यांच्या बाबतीत तिथेच अडतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे देशभरात दीडशेहून अधिक केंद्रांचं जाळं आहे. एवढ्या मोठ्या देशाला ते विरळच. महाराष्ट्रातल्या धरणांभोवतीची नोंद नाशिकची 'मेरी' संस्था ठेवते, कर्नाटकात राज्याचं आपत्ती निरीक्षण केंद्र आहे, तर हैदराबादची एनजीआरआय संशोधन करते. सुरुंगाचा हिशेब मात्र वेगळ्याच वहीत असतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांपाशी कंपनाचा वेग वारंवारतेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरच्या आत हवा. हे माप रिश्टरचं नव्हे. त्यामुळे सुरुंगाने तडकलेलं घर भूकंपाच्या यादीत सहसा दिसतच नाही.

तिसरा प्रकार धरणांचा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची तीव्रता ६.३ होती. जलाशयाच्या पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपाचं ते जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ ला हजारो लोक गेले. आदल्या वर्षीही त्या भागात लहान धक्के जाणवले होते. लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असं नाही, बहुतेक वेळा येत नाही. पण 'सुरुंग असेल' म्हणून प्रत्येक धक्का सोडून देणं परवडणारं नाही. आणि 'भूकंप होता' म्हणत खाणवाल्याने हात झटकणंही तितकंच वाईट.

यावर उपाय फार खर्चिक नाही. कोणत्या खाणीत किती वाजता, किती किलोचा सुरुंग उडाला याची नोंद रोज तहसीलदार कचेरीत यावी आणि ती भूकंप केंद्रांच्या नोंदीशी ताडून पाहावी. वारंवार हादरणाऱ्या गावांत काही महिने फिरती यंत्रं बसवावीत आणि त्यांचे आकडे दोन्ही राज्यांनी एकमेकांना द्यावेत. गावकऱ्यांनीही धक्क्याची वेळ मिनिटासह लिहून ठेवावी आणि तड्यांचे तारखेसह फोटो काढावेत. खाणीची वही आणि गावाची वही शेजारी ठेवली, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.