औषधाची आठवण हेही औषधच

'वय झाले, विसरायचेच' या एका वाक्यात आपण घरातील वृद्धांच्या कितीतरी तक्रारी निकालात काढतो. चष्मा कुठे ठेवला, सकाळी कोण येऊन गेले, याचा विसर पडला तर फारसे बिघडत नाही. परंतु ज्या ज्येष्ठांचे हृदय दुर्बल झाले आहे, त्यांच्या बाबतीत हे वाक्य घातक ठरू शकते. सायंकाळची गोळी घेतली की राहिली, हे ज्यांना आठवत नाही, त्यांचा विसर हा आजाराचाच एक भाग असू शकतो आणि तोच आजार वाढवितो.

'हार्ट फेल्युअर' याचा अर्थ हृदय बंद पडणे असा नव्हे. शरीराला हवे तेवढे रक्त पुरविण्याची हृदयाची शक्ती कमी होते, ती ही अवस्था. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. पण प्राणवायूचा सुमारे वीस टक्के वाटा त्याला लागतो. हृदयाचा उपसा मंदावला की त्याची झळ मेंदूला लागणारच. रक्तक्षय, रक्तातील सोडियम घटणे, रात्रीची झोपमोड आणि मनाची खिन्नता त्यात भर घालतात. अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला तर अशा रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांमध्ये स्मृती, एकाग्रता किंवा निर्णयशक्ती क्षीण झालेली आढळते. हा आजार ऐंशीच्या घरातील लोकांचाच आहे, अशीही समजूत नको. तिरुवनंतपुरम येथे २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची नोंद झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ६१ होते.

आता या आजाराची मागणी पाहा. वेगवेगळ्या वेळच्या गोळ्या, रोज सकाळी वजन, मिठावर नियंत्रण, पायावरील सुजेकडे लक्ष. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर अंगात पाणी साठत असल्याचा तो इशारा असतो. म्हणजे ज्या रुग्णाची स्मृती दुबळी, त्याच्याच स्मृतीवर सर्वाधिक भार! बिलोलीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरील तालुक्यात, जिथे मुले पुण्याला किंवा हैदराबादला आणि आईवडील गावी, असे चित्र अनेक घरांत दिसते, तिथे हा भार वाटून घेणारे कोण? दोन दिवस गोळ्या चुकल्या, रात्री धाप लागली, तर मोठ्या उपचारासाठी नांदेड गाठावे लागते.

यावर उपाय म्हणून 'मेंदूचा व्यायाम' सध्या मोठ्या गाजावाजाने विकला जातो. संगणकावर किंवा मोबाईलवर खेळा आणि स्मृती वाढवा, असा हा प्रचार. सत्य अधिक संयमाने सांगावे लागेल. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी ज्या कौशल्याचा सराव केला, त्यांचे ते कौशल्य सुधारले. पण रोजच्या व्यवहारात त्याचा प्रभाव दोन वर्षांत दिसला नाही. हृदयरुग्णांवरील लहान प्रयोगांतून आशा दिसली आहे, परंतु निःशंक ग्वाही द्यावी असे काही हाती नाही. अवास्तव दाव्यांबद्दल 'ल्युमॉसिटी' या खेळाच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत वीस लाख डॉलर मोजावे लागले, हेही ध्यानात असावे.

आपल्या परंपरेलाही हाच निकष लावला पाहिजे. यजुर्वेदाचे पठण करणाऱ्या २१ पंडितांच्या मेंदूचा अभ्यास झाला, त्यात स्मृतीशी संबंधित भाग अधिक विकसित आढळले. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण ते पंडित बालपणापासून पठण करीत आलेले होते. साठीनंतर पाठांतर सुरू केल्याने दुबळे हृदय सावरेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. भजन, हरिपाठ, सोंगट्या यांतून मन रमते, सोबत मिळते. एवढा लाभही थोडा नाही.

सराव ज्याचा करावा तेच सुधारत असेल, तर निष्कर्ष सरळ आहे. वृद्धांनी पथ्याचाच सराव करावा. गोळी रोज एकाच ठरलेल्या कामाला जोडावी. जसे सकाळचा चहा, सायंकाळचा दिवा. वारांचे कप्पे असलेली डबी ठेवावी. वजन दिनदर्शिकेवर स्वतःच्या हाताने लिहावे. गोळी घेतल्याची शंका आली म्हणून दुसरी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. पथ्य कोणते, हे आठवड्यातून एकदा आजोबांनी नातवंडाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावे. लोणचे, पापड, ठेचा यांत किती मीठ असते, हेही त्यातच आले. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे चालावे. ऐकू कमी येत असेल तर तपासणी करावी, कारण न ऐकलेली सूचना लक्षात राहणार कशी? आणि एकाएकी भ्रम झाला, तर ते वय समजून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आशा कार्यकर्तीच्या सर्वेक्षण अर्जात साठीपुढील व्यक्तीला, जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का, असे विचारले जाते. प्रश्न उत्तम आहे, पण त्यात बळावलेला विस्मृतीचा रोगच सापडेल. हृदयरुग्णांसाठी आणखी एक प्रश्न हवा: 'कालची औषधे कोणती घेतली, सांगता का?' शासनाने तो अर्जात घालावा. तोवर आपण विचारावा.

मराठवाड्याला सेवेचे धडे बाहेरून आणावे लागत नाहीत. याच बिलोली तालुक्यात सगरोळीचे संस्कृती संवर्धन मंडळ १९५९ पासून शिक्षणाचे काम करीत आहे. लातूरला १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. त्या तुलनेत आजची मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक गल्लीत असे चार-दोन ज्येष्ठ असतील. त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जाणे, डबी पाहणे, वजनाची नोंद वाचणे आणि त्यांच्याकडून जुन्या गोष्टी ऐकणे, एवढेच करायचे आहे. ज्यांनी आपल्याला पाढे पाठ करून घेतले, त्यांची उजळणी घेण्याची पाळी आता आपली आहे.