सोळावा गडी आणि संस्थेचे मौन

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे इतक्या आदराने उच्चारली जाते की, जणू ती एखाद्या स्मृतिकाराची आज्ञाच असावी. वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने तिच्याविरुद्ध लेखणी उचलली तर त्यात त्याचा स्वार्थ शोधला जाणार, हे मी जाणून आहे. तथापि ह्या म्हणीच्या आडोशाने एक घातक वृत्ती वाढत असते, आणि तिच्याविषयी मौन धरणे मला उचित वाटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दाद मागितली की तोच कज्जेदलाल ठरतो. आणि न्याय राखणे हे जिचे काम, ती संस्था तटस्थतेची शाल पांघरून स्वस्थ बसते. ह्या वृत्तीचे जितके स्वच्छ उदाहरण आयर्लंडमधील एका खेळाच्या मोसमाने पुरविले, तितके कायद्याच्या अहवालांतही क्वचितच सापडेल. म्हणूनच त्या दूरच्या मैदानाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहे.

गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा स्वतःचा खेळ. १८८४ च्या नोव्हेंबरात थर्ल्स ह्या गावी स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन त्याची धुरा वाहते. प्रत्येक बाजूस पंधरा गडी. चेंडू हाताने घ्यावा आणि पायानेही मारावा. जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि आडव्या दांडीवरून पार गेला तर, २०२४ च्या मोसमापर्यंत, सरसकट एक गुण. ह्या संघटनेत खेळाडूला वेतन नाही. शिक्षक, शेतकरी, सुतार, विद्यार्थी हेच तिचे वीर. आणि तिचा पाया म्हणजे क्लब. बहुधा एकेका चर्चच्या हद्दीतील वस्तीचा एक क्लब असतो. माणूस जन्मतो तेथेच खेळतो आणि म्हातारपणी तेथेच तिकिटे फाडीत उभा राहतो. देवळाच्या उत्सवाभोवती ज्यांचे वर्ष फिरते त्या आमच्या वाचकांस हे नाते समजावून सांगावयास नको. काउंटीत जिंकावे, मग प्रांतात, आणि शेवटी डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंडच्या अजिंक्यपदासाठी उतरावे, अशी ही स्पर्धा १९७०-७१ पासून चालत आली आहे.

२०२२-२३ च्या मोसमात अंतिम सामन्यास दोन अगदी भिन्न प्रकृतींचे क्लब पोहोचले. एक किलमकड क्रोक्स, डब्लिनच्या दक्षिण भागातील प्रचंड सभासदसंख्येचा क्लब, १९९५ आणि २००९ चा विजेता. दुसरा डेरी काउंटीतील मघेरा गावचा ग्लेन. १७९८ च्या उठावात फाशी गेलेल्या वॉटी ग्रॅहम ह्या प्रेस्बिटेरियन पुढाऱ्याचे नाव तो धारण करतो. ग्लेनने आपल्या काउंटीचे अजिंक्यपद २०२१ पर्यंत कधी पाहिले नव्हते. अल्स्टर प्रांताचे पद तर त्याच मोसमात, २०२२ च्या डिसेंबरात, गतविजेत्या किलकूला हरवून प्रथम मिळविले. ह्याच किलकूने फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या अखेरीस झालेल्या गोलाने, किलमकडच्या हातचा चषक हिरावला होता. अखेरच्या क्षणाची किंमत काय असते, हे किलमकडइतके कोणासच ठाऊक नसावे.

२२ जानेवारी २०२३. सामना संपत आलेला. किलमकड १-११, ग्लेन १-९; म्हणजे चौदा विरुद्ध बारा. ग्लेनला केवळ एक गोल हवा होता. तो झाला असता तर अजिंक्यपद एका गुणाने त्यांचे. अशा वेळी ग्लेनला पंचेचाळीस मीटरच्या रेषेवरून मोकळा फटका मिळाला. त्याच सुमारास किलमकडने खेळाडू बदलले. नवे गडी आत आले, परंतु जुने पुरते बाहेर गेले नाहीत. बदली झालेला एक खेळाडू तर प्रत्यक्ष गोलाच्या रेषेवर उभा होता. चेंडू गोलासमोरच्या गर्दीत आला, परतविला गेला, आणि शिट्टी वाजली. पंधरांच्या जागी सोळा, किंबहुना काही क्षण सतरा गडी मैदानात होते, हे चित्रफितीने साऱ्या देशास दाखविले. ह्या वस्तुस्थितीविषयी वाद नव्हता.

वाद नव्हता, तर मग निर्णयास अडचण कोणती होती? येथेच माझा आक्षेप सुरू होतो. नियम संघटनेचा, स्पर्धा संघटनेची, मैदान संघटनेचे, पंचही संघटनेनेच नेमलेले. उल्लंघन तिच्या डोळ्यांदेखत झाले. तरीही संघटनेने स्वतः होऊन फेरसामना पुकारला नाही. पराभूत ग्लेनने रीतसर हरकत नोंदविली तेव्हा कोठे चक्र फिरू लागले. केंद्रीय स्पर्धा नियंत्रण समितीने सुनावणी करून जानेवारीच्या अखेरीस फेरसामन्याचा हुकूम दिला. किलमकडने त्यावर अपील केले. आणि अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच, फेब्रुवारीच्या आरंभी, ग्लेनने ह्या साऱ्या प्रकरणातून अंग काढून घेतले. चषक किलमकडकडे राहिला.

मधल्या त्या दिवसांत चर्चा कशाची झाली? मैदानात सोळा गडी का राहू शकले ह्याची थोडी. ग्लेनने हरकत घेणे खिलाडूपणाला शोभते का, ह्याची फार. नियम मोडणारी बाजू निराळी, नियम राखण्यात चुकलेली संस्था निराळी, आणि नीतीची परीक्षा मात्र ज्याने काहीच केले नाही त्याची! ग्लेनने माघार घेताच टाळ्याही त्यालाच मिळाल्या. ह्या टाळ्यांबद्दल मला विशेष संशय आहे. पीडिताच्या औदार्याची स्तुती जेव्हा फार मोठ्याने होऊ लागते, तेव्हा तिच्या आवाजात कोणाचे तरी कर्तव्य बुडत असते.

प्रतिपक्षाची बाजू नीट ऐकून घेणे हा माझ्या व्यवसायाचा पहिला धडा. म्हणून ती येथे मांडतो. पहिला युक्तिवाद असा की, जादा गड्याने चेंडूला स्पर्शही केला नाही, सबब निकालावर परिणाम झाला नाही. परंतु गोलाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस चेंडूला शिवला नाही तरी वाट अडवितो आणि फटका मारणाऱ्याच्या मनातील मोकळी जागा पुसून टाकतो. शिवाय परिणाम झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार कोणावर? ज्याने नियम मोडला त्याच्यावर. ‘माझ्या चुकीने तुझे नुकसान झाले हे तूच दाखव’ असे म्हणण्याचा अधिकार चुकणाऱ्यास देणे म्हणजे तराजू उलटा धरणे होय.

दुसरा युक्तिवाद, हे सारे अनवधानाने घडले. मी ते तत्काळ मान्य करतो. किलमकडने कपट केले असे मी म्हणत नाही. परंतु हेतूचा प्रश्न शिक्षेच्या वेळी उपस्थित होतो. निकालाच्या वैधतेशी त्याचा संबंध नाही. मतपेटीत अनवधानाने जादा मते पडली तर ती वैध ठरतात काय? फेरसामना ही शिक्षा नव्हेच. सिद्ध झालेल्या हरकतीनंतर सामना प्रतिपक्षास बहाल करणे, फेरसामना घेणे किंवा दंड करणे, असे तीन मार्ग समितीपुढे खुले होते. तिने त्यांतील मधला, कोणाचेही पारडे न झुकविणारा मार्ग निवडला होता.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय: सामने मैदानावर जिंकावेत, समितीच्या खोलीत नव्हे. फार सुंदर वाक्य! पण फेरसामना कोठे होणार होता? मैदानावरच, पंधरा विरुद्ध पंधरा. समितीच्या हुकुमाचा अर्थच असा होता की, निर्णय पुन्हा मैदानावर व्हावा.

ही एका मोसमाची दुर्घटना असती तर मी ती सोडून दिली असती. परंतु ह्या संघटनेच्या इतिहासात ह्याच रोगाची आणखी एक खूण आहे. ११ जुलै २०१० रोजी लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी मीथ काउंटीला एक गोल देण्यात आला. तो नियमबाह्य होता, हे खुद्द पंचाने नंतर कबूल केले. १९५७ पासून त्या पदाची वाट पाहणारा लाउथ संघ त्या गोलाने हरला. फेरसामन्याचा हुकूम देण्याचा अधिकार आम्हांस नाही, मीथने देऊ केला तरच तो होईल, अशी भूमिका संघटनेने घेतली. मीथने देऊ केला नाही. लाउथला ते पद अखेर २०२५ मध्ये मिळाले. म्हणजे २०१० मध्ये न्यायाचे ओझे जिंकणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर टाकले, आणि २०२३ मध्ये ते हरणाऱ्याच्या खांद्यावर दिले. दोन्ही वेळा संस्थेचे हात मोकळे राहिले.

संघटनेला हे जमतच नाही असे कोणी म्हणेल तर त्याचेही उत्तर तिच्याच दप्तरात आहे. १९९८ मध्ये हर्लिंग ह्या तिच्याच दुसऱ्या खेळात, क्लेअर आणि ऑफली यांच्या उपान्त्य सामन्यात, पंचाने सुमारे दोन मिनिटे आधीच शिट्टी फुंकली. ऑफलीचे चाहते क्रोक पार्कच्या हिरवळीवर ठाण मांडून बसले. संघटनेने फेरसामना ठरविला. आठवड्याभरात, २९ ऑगस्टला, थर्ल्स येथे तो झालाही. ऑफलीने तो जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही. क्लेअरला ते जड गेले असेल, पण न्याय हा कोणाला तरी जड जातोच. महत्त्वाचे हे की, निर्णयाची जबाबदारी ज्याची त्याने घेतली.

आता काही जण समाधानाने सांगतात की, काळाने न्याय केला. जानेवारी २०२४ मध्ये उपान्त्य फेरीत ग्लेनने ह्याच किलमकडला हरविले, आणि २१ तारखेस अंतिम सामन्यात सेंट ब्रिजिड्सवर २-१० विरुद्ध १-१२ असा विजय मिळवून आपला पहिला चषक मघेराला नेला. मला ह्या विजयाचा आनंद आहे. पण समाधान मुळीच नाही. यंदाची मजुरी हातात पडली म्हणून गतवर्षीचे येणे फिटत नाही. २०२४ चा चषक ग्लेनने २०२४ च्या घामाने मिळविला. तो २०२३ च्या हिशोबात जमा धरणे हा हिशोबनिसाचा गुन्हा आहे.

हरकत मागे घेण्याचा हक्क ग्लेनचा होता, हे मी नाकारीत नाही. वादी आपला दावा केव्हाही काढून घेऊ शकतो. परंतु दोन शेजाऱ्यांच्या बांधाचा तंटा निराळा आणि सार्वजनिक स्पर्धेचा निकाल निराळा. त्या निकालात स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येक क्लबाचा वाटा असतो. पंधरा म्हणजे पंधराच, ह्या विश्वासावर ते सारे खेळलेले असतात. तो विश्वास सोडून देण्याचा अधिकार ग्लेनला नव्हता, किलमकडलाही नव्हता. तो राखणे संघटनेचे काम होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मैदानातील गड्यांची संख्या ही मतभेदाची गोष्ट नाही, मोजण्याची आहे. ती चुकल्याचे पुराव्याने दिसताच समितीने अठ्ठेचाळीस तासांत स्वतः होऊन चौकशी करावी, कोणाच्याही अर्जाची वाट पाहू नये, आणि चूक निकाल फिरविण्याजोग्या क्षणी झाली असेल तर फेरसामना आपोआप व्हावा. खेळाडू बदलताना जुना गडी रेषेबाहेर गेल्याची खातरजमा झाल्यावाचून खेळ पुन्हा सुरू होऊ नये. ह्याला पैसा लागत नाही. लागते ती जबाबदारी घेण्याची तयारी.

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ असे आपण म्हणतो. एक चषक इकडचा तिकडे झाला म्हणून आयर्लंड बुडाले नाही. पण मानद पदांवर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेस, मग ती क्रीडासंघटना असो वा देवस्थानची समिती, ‘तक्रार आली तर पाहू’ हे वाक्य फार प्रिय असते. ते ज्या सभेत उच्चारले जाईल तेथे एखाद्या सभासदाने उठून विचारावे की, तुम्ही स्वतः पाहिले होते ना? मग तक्रार कशाला हवी?