गुटगुटीत बाळाचे खूळ



परवा आम्ही चारपाच बायका बुइटनव्हेल्डर्टमधील एका घरी बाळ पाहायला गेलो. बाळ अडीच महिन्यांचे, अंगाने बारीक, पण टवटवीत. बाळांचे वजन करणाऱ्या इथल्या केंद्राच्या तक्त्यावर ते आपल्या रेषेने नीट वर चाललेले. तरी तिघींनी एका सुरात सांगितले, "हे भरत नाही गं. तुझं दूध पातळ असेल. बाटली लाव." पोरीचे तोंड उतरले. हे खूळ आपण कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून येथवर पेटीत घालून आणले आहे, म्हणून लिहिते.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. नर्सच्या नोकरीत गुबगुबीत बाळांचे गाल ओढून त्यांच्या आयांची पाठ मी पुष्कळ थोपटली.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून भोवतालच्या खेड्यांतील माता व बालके अभ्यासली. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्रज बाळांहून बरेच कमी. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली! दिसायला काटकुळे, आत चरबी. आपणही त्याच मुलखातले. अशा बाळाला कोंबून काय साधणार?

ब्रिटनमध्ये पूर्ण दिवसांच्या पण लहान जन्मलेल्या काही बाळांना साधे डब्याचे दूध दिले, काहींना जादा पौष्टिक. ही मुले ६ ते ८ वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. जादा पौष्टिकवाल्यांचा खालचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ मिलिमीटरने जास्त भरला. एवढ्याशा मुलांचा! आणि लहानपणी चढता असलेला रक्तदाब पुढेही बहुधा चढताच राहतो.

आता खरे तेही सांगते. अंगावरचे दूध म्हणजे हृदयविकारावरचा ताईत नव्हे. बेलारूसमध्ये सतरा हजारांवर मायलेकरांचा अभ्यास झाला. स्तनपान वाढवलेल्या गटातील मुलांचा रक्तदाब वा लठ्ठपणा साडेसहाव्या वर्षी कमी आढळला नाही. जंतुसंसर्गापासून रक्षण हे त्या दुधाचे गुण वेगळे, आणि तेवढे पुरेसे आहेत. माझे भांडण बाटलीशी नाही, बाळ फुगवण्याच्या हौसेशी आहे.

काटा सगळे सांगत नाही, हे या ॲमस्टरडॅमइतके कोणाला ठाऊक? १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात आईच्या पोटी रुजलेली बाळे जन्मली तेव्हा वजनाने इतरांसारखीच होती. पन्नाशीच्या सुमारास त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला.

आणि दूध पातळ म्हणजे काय? पाजायला घेतल्यावर सुरुवातीचे पातळच असते, मागाहून दाट येते. दिवसाला सहा लंगोट चांगले ओले होत असतील आणि तक्त्यावरची रेषा चढत असेल, तर बाळाला पुरते आहे. रेषा घसरली किंवा बाळ मलूल झाले, तर मात्र शेजारणीला न विचारता डॉक्टर गाठावा. त्यांनी वरचे सांगितले तर बिनदिक्कत द्यावे.

त्या पोरीने बाटली लावलेली नाही. तिघींपैकी एक मात्र हल्ली सिनेगॉगमध्ये माझ्यापासून दोन बाके सोडून बसते.